पाकिटातील गहू

गव्हाशी ज्याच्या आतड्याचे वैर जडले आहे अशा माणसाने पोट कशाने भरावे, हा प्रश्न पंजाबात किंवा माळव्यात जितका बिकट आहे तितका आमच्या चांद्याच्या मुलखात नाही. कारण ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या तालुक्यांतून, आणि वैनगंगा ओलांडल्यावर आरमोरी-कुरखेड्यापासून थेट सिरोंच्यापर्यंत, ताटात मुख्यतः भातच असतो, वरोरा-राजुऱ्याकडे ज्वारीची भाकरी चालते, आणि ज्या एच.एम.टी. तांदळाचे नाव आज दूरदूरच्या बाजारांत ऐकू येते तो वाण तर नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने आपल्याच बांधीतून निवडून सिद्ध केलेला आहे. तेव्हा अन्नाची उणीव नाही. अडचण उभी राहते ती जेथे कोणी गव्हाची शंकाही घेणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे मांसाच्या पाकिटात. बल्लारपूरचा कागद कारखाना, भद्रावतीची आयुध निर्माणी, चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र आणि सभोवारच्या कोळशाच्या खाणी यांच्या निमित्ताने देशाच्या चारी दिशांकडून आलेल्या कुटुंबांनी वसाहती वसवल्या, त्यांच्या मागोमाग दुकानांतून गोठवलेल्या मालाच्या पेट्या आल्या, आणि सॉसेज, सलामी, नगेट, सीख कबाब हे जिन्नस आता गडचिरोलीच्या मुलांनाही अपरिचित राहिलेले नाहीत. ज्या मुलास वैद्याने गहू वर्ज्य सांगितला आहे त्याच्या आईला 'मांसात गहू कोठून येणार' असे वाटणे स्वाभाविक आहे. आणि नेमकी तेथेच फसगत होते.

मूळ व्याधीविषयी दोन शब्द आधी सांगणे अवश्य आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाने ओळखला जाणारा प्रथिनसमूह असतो, आणि सीलिअ‍ॅक हा विकार ज्यांस असतो त्यांच्या शरीराची संरक्षणव्यवस्था या प्रथिनांच्या निमित्ताने स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आतड्याच्या आतल्या बाजूचे सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात, आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाचे लक्ष गव्हावर आधीच खिळलेले होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलंड्समध्ये दुष्काळ पडून पाव दुर्मिळ झाला तेव्हा या विकाराची मुले सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच खालावली, ह्या अनुभवाने त्याच्या तर्कास बळकटी आली, आणि १९५० साली त्याने तो प्रबंधरूपाने मांडला. आपल्या देशात हा विकार उत्तरेकडील गव्हाच्या पट्ट्यात अधिक व दक्षिणेकडे विरळ आढळतो. सबब भातखाऊ जिल्ह्यात तो असूच शकत नाही अशी जी समजूत डॉक्टरांतही कधीकधी दिसते ती मात्र निराधार आहे. एक सूचना येथेच ठासून सांगितली पाहिजे. पोट दुखते म्हणून कोणाच्या सांगण्यावरून गहू आधी सोडून मग तपासणीस जाऊ नये. टी.टी.जी. या नावाची रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली परीक्षा, या दोहोंचे निकाल विश्वसनीय ठरण्यासाठी त्या काळात रोगी गहू खात असला पाहिजे. त्यासाठी नागपुरास खेप करावी लागली तरी ती खेप गहू सोडण्यापूर्वी करावी.

आता मांसात गहू जातो तो का, हे ध्यानात घेतले म्हणजे तो कोठे सापडेल याचा अंदाज आपोआप येतो. कारखान्यात मांस बारीक वाटले जाते, त्यात बर्फ किंवा पाणी मिसळले जाते, आणि ते पाणी शिजताना सुटून जाऊ नये, कापलेला काप मोडू नये, व किलोमागे खर्च आटोक्यात राहावा यासाठी एखादा शोषक पदार्थ घातला जातो. तो पदार्थ स्वस्तात स्वस्त हवा असल्यामुळे पुष्कळदा पावाचा चुरा, रस्क, मैदा किंवा गव्हाचे स्टार्च हाच असतो. इंग्रजांच्या देशी सॉसेजमध्ये रस्क घालणे हा तर रूढ शिरस्ताच आहे. याखेरीज बाहेरून कुरकुरीत आवरण ज्यास असते ते सर्व, म्हणजे नगेट, कटलेट, बर्गरची टिक्की, माशाची बोटे, ही पावाच्या चुऱ्यात घोळलेली असतात असे प्रथमदर्शनी गृहीत धरावे. उलट मांसाचा आकार जितका शाबूत, तितका गव्हाचा संशय कमी. गोठवलेली कोंबडीची तंगडी किंवा मिठाच्या पाण्यातला डब्यातील मासा यांत पीठ घालण्याचे प्रयोजनच नसते. टोमॅटोच्या रसातील माशाच्या बाबतीत मात्र रस दाट करण्यासाठी काय घातले आहे ते पाहावे लागते.

हे पिठाचे प्रकरण आमच्या प्रदेशाच्या जुन्या रीतीत कधीच नव्हते. मांस व मासळी टिकवण्याची विद्या येथे नवी नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमावर वसलेल्या भामरागडचा रस्ता पावसाळ्यात पुराने तुटतो, आणि ज्या गावांना अशा दिवसांत बाजार दिसत नाही त्यांनी उन्हाळ्यातच काहीतरी वाळवून ठेवणे हे ओघानेच आले. मालगुजारी तलावांतील मासळी ढीवर मंडळी वाळवतात, आठवडी बाजारात सुकट, बोंबील, झिंगे यांची वेगळी ओळ बसते, मुलचेरा-चामोर्शीकडे वसवलेल्या बंगाली कुटुंबांना तर सुक्या मासळीवाचून जेवण गोड लागत नाही. या सर्वांत मीठ, ऊन, क्वचित धूर आणि हळद यांपलीकडे काही नसते. मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या ज्या चान्या, त्यांचे व त्या आहारपरंपरेचे तपशीलवार दस्तऐवजीकरण शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या ग्रंथात केले आहे; गरिबीतून आणि सामाजिक बहिष्कारातून घडलेले ते अन्न ग्लुटेनच्या दृष्टीने मात्र आजच्या कोणत्याही रंगीत पाकिटापेक्षा निर्धोक होते, हा योगायोग चिंतनीय आहे. (मात्र मांस कोणते घ्यावे याला कायद्याची मर्यादा आहे: २०१५ पासूनच राज्यात संपूर्ण गोवंशाच्या हत्येस कायद्याने बंदी आहे, आणि वन्य प्राण्याच्या मांसाचा प्रश्न तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केव्हाच निकालात काढला आहे, ताडोबाच्या वेशीवर कोणी रानडुकराचे वाळवण देऊ केल्यास ते ग्लुटेनमुक्त आहे एवढ्याने घेण्याजोगे होत नाही.)

तथापि मुलास सॉसेजच हवे असेल, तर पाकीट वाचण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते वाचण्याची एक रीत आहे. पाकिटाच्या दर्शनी भागावरील मजकुराकडे दुर्लक्ष करून मागील बाजूची घटकांची यादी पाहावी. तीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे मांसाच्या पाठोपाठ दुसऱ्या-तिसऱ्या स्थानी काय आले आहे यावरूनच मालाची प्रत समजते. व्हीट फ्लोअर, रिफाइन्ड व्हीट फ्लोअर, सेमोलिना, ब्रेडक्रम्ब्ज, रस्क, व्हीट ग्लुटेन, बार्ली, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, यांपैकी एकही शब्द दिसला की पाकीट परत ठेवावे. दुसरा वर्ग संदिग्ध शब्दांचा: नुसते 'स्टार्च', 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन', 'टेक्स्चर्ड व्हेजिटेबल प्रोटीन', 'सीझनिंग', 'सोया सॉस'. हे सोयाबीनचे किंवा मक्याचे असू शकतात, तसेच गव्हाचेही असू शकतात. परंपरागत रीतीने आंबवलेल्या सोया सॉसमध्ये तर सोयाबीनच्या जोडीला बहुधा गहू असतो. माल्टोडेक्स्ट्रिन हा शब्द पाहून मात्र घाबरू नये. नावात माल्ट असले तरी तो बहुधा मक्याच्या स्टार्चपासून होतो आणि त्यात ग्लुटेनचा अंश नगण्य असतो.

यादीखाली, बहुधा ठळक अक्षरांत, 'कंटेन्स' अशी एक ओळ असते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनी ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, भुईमूग इत्यादी पदार्थ मालात असल्यास तसे स्पष्ट नमूद करणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे वरील संदिग्ध शब्दांचा उलगडा पुष्कळदा या ओळीत होतो. 'मे कंटेन' अशी जी दुसरी ओळ असते ती निराळी. त्याच कारखान्यात, त्याच यंत्रावर गव्हाचा माल होतो असा तिचा अर्थ, आणि ज्या कारखान्यात सकाळी नगेट व दुपारी सॉसेज निघतात तेथे ही शक्यता केवळ कागदोपत्री नसते. 'ग्लुटेन-फ्री' हा शब्द वापरण्याची मुभा मात्र किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसलेल्या मालालाच आहे. तेव्हा हा शब्द स्पष्ट छापलेला असेल तर तो दाखला समजावा. नसेल तर माल अपायकारकच आहे असे नव्हे, परंतु खातरजमेची जबाबदारी मग आपल्यावर येते. पाकिटावर ग्राहकसेवेचा दूरध्वनी आणि चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. दूरध्वनी करून नुसते 'यात ग्लुटेन आहे का' असे विचारू नये, कारण पलीकडचा मनुष्य पुष्कळदा 'नाही' म्हणून मोकळा होतो; स्टार्च कोणत्या धान्याचे आहे, तयार मालाची ग्लुटेनसाठी चाचणी होते काय, आणि पावाचा चुरा लावलेला माल त्याच यंत्रावर चालतो काय, असे तीन प्रश्न लेखी विचारावे व उत्तर जपून ठेवावे. कारखाने कृती बदलतात. म्हणून एकदा निर्धोक ठरलेले पाकीटही प्रत्येक खरेदीच्या वेळी पुन्हा वाचावे हे उत्तम.

सुट्या मालाची गोष्ट याहून अवघड, कारण तेथे वाचायला काही नसते. मटणाच्या दुकानातला खिमा समोर करून घेतला तर शुद्ध; आधीच मसाला लावून ठेवलेले कबाब घेऊ नयेत. चायनीजच्या गाडीवरील चिकन चिली दोन अंगांनी सदोष आहे, एक तर सोया सॉस आणि दुसरे म्हणजे ज्या तेलात मैद्याचे मंचुरियन तळले तेच तेल. सावजी भोजनालयात रस्सा घट्ट करण्यासाठी कोणते पीठ लावले जाते हे थेट आचाऱ्याला विचारावे, गल्ल्यावर बसलेल्याला नव्हे. घरच्या मसाल्यात हिंग असेल तर त्याची डबीही वाचावी. बाजारातील बांधानी हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो हे अनेकांना ठाऊक नसते, तांदळाच्या पिठातील हिंगही मिळतो, तो आणावा. आमच्याकडे घरोघरी होणारी जवसाची चटणी निर्धोक आहे. जव वर्ज्य म्हणून जवसही वर्ज्य करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

मांस टिकवण्याच्या ज्या अन्य मराठी-कोंकणी परंपरा आहेत त्यांत गोव्याच्या चोरिसाचा मान पहिला. डुकराचे मांस व चरबी यांचे तुकडे, मीठ, माडाच्या सुरेचे व्हिनेगर, लाल मिरची, लसूण व गरम मसाले, एवढ्यावर तो सिद्ध होतो. वाटण नसल्यामुळे बांधणीसाठी पिठाची गरजच पडत नाही. ज्यांचे आप्त गोव्यात आहेत त्यांनी ओळखीच्या घरून किंवा घटक छापलेल्या दुकानातून तो मागवावा, मात्र व्हिनेगर माडाचे आहे ना एवढे विचारावे, कारण माल्ट व्हिनेगर जवाचे असते. आणि पावाऐवजी भातात शिजवावा, पुलाव उत्तम होतो. याच न्यायाने वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतील मांसाचे प्रकारही निर्धोक असतील असा तर्क कोणी करील तर तो चुकेल, कारण त्यांच्या प्रसिद्ध बॉटल मसाल्यात मिरच्या व गरम मसाल्यांबरोबर भाजलेले गहू आणि हरभरे दळले जातात. मसाल्यात गहू ही कल्पना विचित्र वाटेल. पण आपल्या मेतकुटातही तो असतोच.

गोठवलेल्या मालाविषयी आणखी एक अडचण केवळ या प्रदेशाची आहे. नागपूरहून चंद्रपूर सुमारे दीडशे किलोमीटर, तेथून गडचिरोली आणखी ऐंशी; मे महिन्याच्या उन्हात हा प्रवास आणि वाटेतील विजेचे लपंडाव यांतून पाकीट गोठलेल्या स्थितीतच दुकानात पोहोचले असेल असा भरवसा धरता येत नाही. पाकिटात बर्फाचे मोठे स्फटिक दिसत असतील किंवा सुटे तुकडे एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल, तर माल वितळून पुन्हा गोठला आहे असे समजून तो सोडावा. शिवाय ग्लुटेनमुक्त म्हणजे निरुपद्रवी असेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेले मांस मानवास कर्करोगकारक म्हणून नोंदवले, आणि रोज ५० ग्रॅम असे मांस खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा अंदाज दिला. हे सणावाराचे खाणे राहावे.

या सर्व कारणांनी आमचा कल, स्पष्टच सांगावयाचे तर, पाकीट शोधण्यापेक्षा घरी करण्याकडे आहे, आणि ते वाटते तितके कठीण नाही. वाटलेल्या मांसाला बांधून ठेवणारी शक्ती त्याच्या स्वतःच्याच प्रथिनांत असते. मीठ आणि मळणे यांनी ती बाहेर येते, पीठ हा केवळ काटकसरीचा मार्ग आहे. अर्धा किलो कोंबडीचा किंवा बकऱ्याचा थंडगार खिमा घ्यावा, त्यात थोडी चरबी असू द्यावी, सुमारे ९ ग्रॅम मीठ, वाटलेला लसूण, मिरी, धने आणि चवीपुरते तिखट घालून दोन चमचे बर्फाच्या पाण्यासह पाच-सहा मिनिटे जोराने मळावा. गोळा हाताला चिकटू लागला आणि तळहात उलटा केला तरी पडेना, की बांधणी झाली. खिमा कोमट झाला तर चरबी सुटते आणि पदार्थ भुसभुशीत होतो, म्हणून भांडेही थंड असावे. मग त्याच्या जाड वळकट्या करून केळीच्या पानात घट्ट गुंडाळाव्या, दोऱ्याने बांधाव्या, आणि मधला भाग पूर्ण शिजेपर्यंत, साधारण अर्धा तास, वाफवाव्या. अन्नाचा तापमापक असेल तर मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस दिसले पाहिजे. पूर्ण गार झाल्यावर पातळ काप पडतात, मुलांना ते सलामीच्या जागी चालतात, आणि तव्यावर परतले की सॉसेजची उणीव फारशी भासत नाही. शीतकपाटात तीन दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये. डुकराचे हॅम किंवा बेकन घरी करण्याच्या भरीस मात्र पडू नये. त्यांस लागणाऱ्या नायट्राइटच्या मिठाचे प्रमाण थोडे जरी चुकले तरी ते विषारी ठरते.

नगेटसाठी याच गोळ्याचे चपटे तुकडे करून फेटलेल्या अंड्यात बुडवावे आणि जाडसर कुटलेल्या पोह्यांत घोळवावे. पावाच्या चुऱ्यापेक्षा हे आवरण अधिक कुरकुरीत होते असे आमचे मत आहे, आणि पोह्यांना या भागात तोटा नाही. कॉर्नफ्लेक्स कुटून वापरण्याची जी युक्ती सांगितली जाते ती टाळावी, त्यांत पुष्कळदा जवाचे माल्ट असते. तांदळाचे पीठ वापरावयाचे असल्यास एक मोठा धोका चक्कीवर आहे. ज्या चक्कीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळला गेला तीच चक्की तुमचे तांदूळ दळते, आणि पहिल्या काही पायल्यांत गव्हाचे पीठ निश्चितपणे उतरते. चक्कीवाल्याशी बोलून आठवड्याची स्वच्छता झाल्यावरची पहिली पाळी मागून घ्यावी, सुरुवातीचे पीठ गुरांना घालावे. याहून चांगले म्हणजे घरात जाते असेल तर ते घासूनपुसून केवळ तांदळासाठी राखून ठेवावे. तळणीचे तेल, झारा आणि पोळपाट यांचेही असेच. घरातील इतर मंडळी पोळ्या खाणार असतील तर या वस्तूंचा वेगळा संच करावा, आणि पोळ्या लाटून झाल्यावर हवेत उडालेले पीठ खाली बसेपर्यंत गहू वर्ज्य असलेल्याचे अन्न उघडे ठेवू नये.

वाळवणाला चैत्र-वैशाखासारखा काळ नाही. चंद्रपूरचे ऊन देशभर बदनाम आहे, ते या कामी येते. बकऱ्याच्या मांडीचे चरबीविरहित मांस बोटाएवढ्या रुंद व पातळ पट्ट्यांत कापावे. केवळ उन्हावर विसंबून राहणे जुन्या लोकांना साधत असे, पण मधल्या वेळात जंतू वाढण्याचा धोका राहतोच, म्हणून पट्ट्या आधी हळद व भरपूर मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पूर्ण शिजवून घ्याव्या, निथळाव्या, आणि मग जाळीखाली, भुईपासून उंच, गहू वाळत घातलेल्या अंगणापासून दूर टांगाव्या. रात्री आत घ्याव्या. पट्टी वाकवली असता न वाकता मोडू लागली म्हणजे वाळली. बाजारातून आणलेली सुकट किंवा बोंबील असतील तर त्यांतील वाळू झाडून, डोकी-शेपट्या काढून, तव्यावर कोरडे भाजून घ्यावे. किराणा दुकानात पिठाच्या पोत्याशेजारी उघड्या ठेवलेल्या आणि त्याच मापाने मोजल्या जाणाऱ्या मासळीपेक्षा आठवडी बाजारातील मासळीच्या ओळीतली घ्यावी. दोन्ही जिन्नस कोरड्या बरणीत, घट्ट झाकणाखाली, तारीख लिहून ठेवावे, आणि मृगाच्या सरी लागण्यापूर्वी एकदा बरणी उघडून कडक उन्हात पुन्हा दाखवून घ्यावे; ओलावा किंवा बुरशीचा पांढरा तंतू दिसला तर ती बरणी सबंध टाकून द्यावी, वरचे काढून खालचे ठेवू नये.